भिंतीला कान लावून पाण्याची चाल कशी ओळखतात?

छताचा पंखा दिवसभर गरगर फिरत असतो, तरी महिन्याभरात त्याच्या पात्यांवर धुळीचा जाड थर बसतो. एवढा वारा असताना ती धूळ उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. पात्याच्या दृष्टीनं ती हवा जागची हललेलीच नसते. वारा सुरू होतो तो त्या थराच्या थोडा वर.

पाण्याचंही तसंच. पाईपच्या मधोमध पाणी सुसाट वाहत असलं, तरी पाईपच्या भिंतीला टेकलेल्या पाण्याचा वेग शून्य असतो. शून्यापासून सुसाटपर्यंतच्या या बदलाचा मोठा भाग भिंतीजवळच्या जेमतेम काही मिलिमीटरमध्ये उरकतो. पंपाची वीज खाल्ली जाते ती मुख्यतः याच पट्ट्यात, आणि इथलंच पाणी सगळ्यात जास्त खळबळतं. गंमत म्हणजे हा पट्टा डोळ्यांनी दिसत नाही आणि त्यात हात घालून मोजताही येत नाही. मग शास्त्रज्ञ काय करतात? भिंतीला कान लावतात. म्हणजे भिंतीवर बारीक दाबमापक बसवून पाणी भिंतीला कुठे आणि किती ढकलतंय हे नोंदवतात, आणि त्यावरून आतल्या खळबळीचा अंदाज बांधतात. गेली तीस-पस्तीस वर्षं या विषयावर जोरात काम सुरू आहे.

रायगड जिल्ह्यातल्या रोह्याला लागून असलेल्या वरसेसारख्या गावात हा विषय पुस्तकी वाटू शकतो. पण वरसे, रोहा, धाटाव हा सगळा पट्टा कुंडलिका नदीच्या खोऱ्यातला. या नदीला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं आणि वीज करून झाली की कुंडलिकेत सोडलं जातं. कोलाडचं राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. धाटावला रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे. म्हणजे डोंगरातून उतरणारे प्रचंड पाईप, टर्बाइन, पंप आणि रसायनांनी भरलेल्या रिॲक्टरच्या टाक्या, असं सगळं वीस-तीस किलोमीटरच्या टापूत. या प्रत्येक ठिकाणी भिंतीजवळचं पाणी किंवा रसायन कसं वागतं, यावर पैसा आणि कधी कधी माणसांची सुरक्षितताही अवलंबून असते.

पाईपच्या आत नेमकं काय चाललेलं असतं?

१८८३ साली मँचेस्टरमध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या नळीतून पाणी सोडलं आणि त्यात रंगाची बारीक धार सोडली. पाणी संथ असताना रंगाची रेघ सरळ राहिली. वेग वाढवत नेल्यावर एका टप्प्याला ती रेघ अचानक फिसकटली आणि सगळ्या नळीभर रंग पसरला. पहिल्या प्रकाराला स्तरीय प्रवाह म्हणतात, दुसऱ्याला टर्ब्युलंट, म्हणजे खळबळता प्रवाह. कुठल्या टप्प्याला हा बदल होतो हे वेग, नळीचा व्यास आणि द्रवाचा चिकटपणा या तिघांवरून काढलेल्या एका आकड्यावर ठरतं. त्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. पाईपसाठी तो साधारण २,३०० च्या वर गेला की खळबळ सुरू होऊ शकते.

आता एक मीटर व्यासाचा पाईप घ्या, त्यात पाणी सेकंदाला दोन मीटर वेगानं जातंय. मोठ्या पाणीपुरवठा योजनेत हे नेहमीचं चित्र. इथे रेनॉल्ड्स अंक येतो २० लाख. म्हणजे खळबळ असणारच, त्यात शंकाच नाही.

या खळबळीची किंमत किती? हाच पाईप दहा किलोमीटर लांब आणि आतून गुळगुळीत धरला, तर निव्वळ घर्षणावर मात करायला साधारण ३२५ किलोवॉट शक्ती लागते. पंपातला स्वतःचा अपव्यय यात धरलेला नाही. दिवसाला साधारण ७,८०० युनिट झाली. आणि तेच पाणी, त्याच वेगानं, खळबळ न होता सरळ थरांत वाहिलं असतं तर? एक किलोवॉट. एका इस्त्रीला लागते तेवढी. प्रत्यक्षात एवढ्या वेगाला प्रवाह स्तरीय राहत नाही, हे उघड आहे. पण ३२५ आणि १ या दोन आकड्यांमधली दरी बघितली की संशोधक या विषयाच्या मागे का लागलेत ते कळतं. या दरीतला पाचवा हिस्सा वाचवता आला तरी एका पाईपलाइनवर रोजची दीड हजार युनिट वाचतात. जुन्या, गंजलेल्या, आतून खवले धरलेल्या पाईपची गोष्ट वेगळीच. तिथे आधी पाईप साफ करणं हा जास्त शहाणपणाचा उपाय.

खळबळ म्हणजे नुसता गोंधळ असं बरीच वर्षं मानलं जायचं. १९०४ साली जर्मनीच्या लुडविग प्रांट्ल यांनी भिंतीजवळच्या पातळ थराचा, म्हणजे सीमास्तराचा विचार मांडला, त्यामुळे लक्ष योग्य जागी गेलं. पण त्या थरात काय घडतं हे दिसायला १९६७ साल उजाडलं. स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात बारीक तारेतून हायड्रोजनचे बुडबुडे सोडले आणि भिंतीजवळ चक्क पट्टे दिसले. संथ पाण्याचा एक लांब पट्टा, त्याच्या बाजूला वेगवान पाण्याचा पट्टा, पुन्हा संथ. शेतातल्या सरी-वरंब्यासारखे. मधूनच एखादा संथ पट्टा भिंतीपासून उचलला जातो, डुलतो आणि फुटतो. त्याच्या जागी वरून वेगवान पाणी खाली झेपावतं. हे खाली झेपावणारं पाणी भिंतीला घासतं, आणि घर्षणातला मोठा वाटा तिथे तयार होतो.

म्हणजे गोंधळातही एक चाल आहे. चाल आहे म्हटल्यावर ती ओळखता येईल, आणि ओळखता आली तर मोडताही येईल, अशी आशा इथून सुरू झाली.

मात्र हे पट्टे केवढे असतात ते बघा. वरच्या एक मीटरच्या पाईपमध्ये दोन संथ पट्ट्यांमधलं अंतर सरासरी दीड मिलिमीटरच्या आसपास येतं. पाईपच्या आतल्या घेरावर असे दोन हजारांहून जास्त पट्टे एका वेळी असतात. आणि भिंतीला लागून असलेला, जिथे चिकटपणाचंच राज्य चालतं तो थर फक्त ०.०७ मिलिमीटरचा, म्हणजे डोक्याच्या केसाएवढा.

मग आत सेन्सर का घालत नाहीत?

प्रयोगशाळेत घालतात. केसापेक्षा बारीक तार तापवून ती प्रवाहात धरायची आणि ती किती थंड होते त्यावरून वेग काढायचा, ही जुनी पद्धत. लेझरनंही वेग मोजता येतो. पण खऱ्या पाईपमध्ये गाळ असतो, शेवाळ असतं, कारखान्यात आम्ल असतं. तिथे बारीक तार चार दिवस टिकणार नाही. शिवाय आत घातलेली प्रत्येक वस्तू स्वतःच प्रवाह बिघडवते. काचेच्या नळीसारखं आरपार बघायची सोय तर लोखंडी पाईपला नसतेच.

उरते ती भिंत. भिंतीवर दोन गोष्टी मोजता येतात. एक म्हणजे घर्षण, पाणी भिंतीला किती ओढतंय ते. दुसरी म्हणजे दाब, पाणी भिंतीला किती ढकलतंय ते.

भिंतीवरचं घर्षण थेट मोजणं किती अवघड असतं याची एक गोष्ट भारतीय वाचकाला आवडेल. १९५० च्या सुमारास अमेरिकेत कॅलटेकमध्ये एक भारतीय विद्यार्थी पीएचडी करत होता. त्यानं भिंतीचा एक छोटासा तुकडा बाकीच्या भिंतीपासून सुटा ठेवला आणि हवेच्या ओढीनं तो किती सरकतो ते मोजून घर्षण काढलं. हा विद्यार्थी म्हणजे सतीश धवन. पुढे १९७२ मध्ये इस्रोचे अध्यक्ष झाले ते हेच. श्रीहरिकोटाच्या तळाला त्यांचं नाव आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. भिंतीजवळच्या हवेवरचं त्यांचं काम मात्र या विषयातल्या लोकांनाच माहीत असतं.

सुटा तुकडा ठेवून मोजणं प्रयोगशाळेत जमतं, पण हजारो ठिकाणी ते करणं शक्य नाही. दाबमापक त्या मानानं सोपा. भिंतीला टाचणीएवढं भोक पाडायचं आणि मागे एक पातळ पडदा बसवायचा. दाब बदलला की पडदा हलतो आणि विजेचा संदेश मिळतो. मोबाईलमधला मायक्रोफोन जवळपास याच तत्त्वावर चालतो, आणि तो सिलिकॉनच्या चिपवर बनत असल्यानं आज स्वस्तही झालाय.

दाबात असं काय विशेष आहे?

गणपती विसर्जनाची मिरवणूक आठवा. दारं-खिडक्या लावून घरात बसलं तरी दोन गल्ल्या पलीकडचा ढोल ऐकू येतो. ताशा मात्र मिरवणूक दाराशी आली की मगच कळतो. ढोलाचा आवाज मोठ्या लांबीच्या लाटांचा, तो दूर जातो. ताशाचा बारीक आवाज वाटेतच विरतो.

भिंतीवरचा दाबही असाच वागतो, कारणं थोडी निराळी असली तरी. पाण्यात कुठेही भोवरा फिरला की त्याचा परिणाम दाबाच्या रूपानं सगळीकडे पसरतो, अगदी भिंतीपर्यंत. घर्षणाला हे जमत नाही. त्याला फक्त भिंतीला टेकलेल्या पाण्याचीच खबर असते. दाबाला दूरवरचीही असते. गणितात दाब आणि वेग यांचं नातं प्वासाँच्या समीकरणानं बांधलेलं आहे, आणि त्या समीकरणाचा साधा अर्थ असा की एका बिंदूवरचा दाब हा आजूबाजूच्या सगळ्या प्रवाहाची मिळून बनलेली बेरीज असतो.

पण अंतर वाढलं की छोट्या भोवऱ्याचा आवाज झपाट्यानं मरतो. भोवरा स्वतःच्या आकाराएवढ्या अंतरावर गेला की भिंतीवर त्याची खूण जेमतेम उरते. मोठ्या भोवऱ्याची खूण लांबूनही उमटते. म्हणून भिंतीवरून बघताना भिंतीजवळचं सगळं बऱ्यापैकी दिसतं आणि दूरचं फक्त मोठं मोठं दिसतं. माद्रिदचे मिगेल एन्सिनार आणि हावियेर हिमेनेझ यांनी २०१९ मध्ये संगणकातल्या प्रवाहावर हे तपासलं होतं. भिंतीपासून दूर असलेल्या भोवऱ्यांपैकी जे मोठे आहेत आणि ज्यांचे पाय भिंतीपर्यंत पोचतात, त्यांचाच अंदाज भिंतीवरून नीट बांधता येतो, असं त्यांना दिसलं. अधांतरी तरंगणारे छोटे भोवरे भिंतीला कळत नाहीत, त्यांचा पत्ता लागायचा नाही.

आता खरी अडचण. दाब ही बेरीज आहे म्हटलं, तर बेरजेवरून मूळचे आकडे कसे काढायचे? दहा ही बेरीज सात आणि तीनचीही असते, सहा आणि चारचीही. एका दाबमापकावरून काहीच सांगता येत नाही. म्हणून अनेक मापक लागतात, ते ओळीनं लावावे लागतात, आणि एकाच क्षणाचा नाही तर वेळेनुसार बदलणारा दाब बघावा लागतो. भोवरे वाहत पुढे जातात. आधीच्या मापकावर उमटलेली खूण थोड्या वेळानं पुढच्या मापकावर येते. किती वेळानं आली आणि वाटेत किती बदलली, यावरून भोवरा भिंतीपासून किती उंचीवर आहे याचाही अंदाज येतो, कारण भिंतीजवळचं पाणी सावकाश जातं आणि वरचं वेगानं.

हा हिशेब करायला तीन प्रकारची हत्यारं वापरात आहेत. पहिलं संख्याशास्त्राचं. पूर्वीच्या हजारो नोंदींवरून भिंतीवर असा दाब असताना आत सरासरी कसा वेग असतो, याचा तक्ता करून ठेवायचा. दुसरं काल्मन फिल्टर. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडलेली ही पद्धत अपोलो यानांना चंद्रापर्यंत वाट दाखवायला वापरली गेली होती. प्रवाहाचं एक गणिती मॉडेल संगणकात चालू ठेवायचं, ते पुढच्या क्षणी भिंतीवर किती दाब येईल ते सांगणार, प्रत्यक्षात वेगळा आला की त्या फरकाएवढी मॉडेलची चूक दुरुस्त करायची, आणि हे सतत करत राहायचं. अमेरिकेतल्या थॉमस ब्यूली यांनी या वाटेवर बरंच काम केलं. भिंतीवरचं घर्षण आणि दाब यांना त्यांनी आणि बार्तोश प्रोतास यांनी २००४ मध्ये टर्ब्युलन्सच्या पावलांचे ठसे म्हटलं. वाघ दिसत नाही, पण पाऊलखुणांवरून वाघ केवढा आणि कुठे गेला ते जाणकार सांगतो, तसं. तिसरं हत्यार अर्थातच न्यूरल नेटवर्क. भिंतीवरची चित्रं आणि आतली चित्रं अशा लाखो जोड्या दाखवून त्याला शिकवायचं. अलीकडच्या प्रयोगांत हे भिंतीजवळच्या पट्ट्यात बाकीच्यांपेक्षा सरस ठरतंय. भिंतीपासून लांब गेलं की तेही अडखळतं, कारण जी माहिती भिंतीपर्यंत पोचलेलीच नाही ती कुठलंही नेटवर्क आणणार कुठून?

ओळखलं, पण आवरायचं कसं?

१९८७ मध्ये जॉन किम, परविझ मोईन आणि रॉबर्ट मोझर यांनी दोन भिंतींमधल्या खळबळत्या प्रवाहाचं पूर्ण गणित संगणकावर सोडवलं. साधारण ४० लाख बिंदूंवर. आज हे काम चांगला लॅपटॉप करील, तेव्हा त्याला सुपरकॉम्प्युटर लागला. पण त्यामुळे पहिल्यांदाच प्रवाहाच्या आत हवं तिथे बघता आलं आणि आत ढवळाढवळही करता आली.

याचा फायदा घेऊन १९९४ मध्ये हेचॉन चोई, मोईन आणि किम यांनी एक खोडकर प्रयोग केला. भिंतीला अगणित सूक्ष्म छिद्रं आहेत असं धरलं. भिंतीच्या थोडं वर पाणी खाली झेपावत असेल, तर खालच्या छिद्रातून तेवढंच पाणी वर फुंकायचं. वर उचललं जात असेल, तर तेवढंच खाली ओढायचं. म्हणजे प्रत्येक चालीला उलटी चाल. एकूण आत-बाहेर जाणारं पाणी शून्य, नुसता विरोध. घर्षण साधारण २५ टक्क्यांनी उतरलं!

फक्त एक पंचाईत होती. छिद्रांनी काय करायचं हे ठरवायला भिंतीच्या किंचित वरचा वेग माहीत हवा. संगणकात तो आयता मिळतो. खऱ्या पाईपमध्ये तिथे काही ठेवता येत नाही. भिंतीवरच्या मोजमापांना महत्त्व आलं ते इथे. १९९७ मध्ये चांगहून ली आणि सहकाऱ्यांनी फक्त भिंतीवरच्या घर्षणाची नोंद एका छोट्या न्यूरल नेटवर्कला दिली आणि संगणकातल्या प्रवाहात सुमारे २० टक्के घट मिळवली. १९९९ मध्ये पेत्रोस कुमुत्साकोस यांनी भिंतीवर दाब कुठे चढतो, कुठे उतरतो एवढ्याच माहितीवर छिद्रं चालवून दाखवली. २००१ मध्ये ब्यूली, मोईन आणि रॉजर तेमाम यांनी तर कमी वेगाच्या प्रवाहातली खळबळ पूर्ण शांत केली, रेनॉल्ड्स यांच्या सरळ रेघेसारखी. पण त्या पद्धतीला आतली सगळी माहिती लागत होती, आणि पुढचं भविष्य काढायला इतका हिशेब लागत होता की खऱ्या पाईपवर तो वेळेत होणं शक्यच नाही. जास्तीत जास्त काय मिळू शकतं, एवढं मात्र त्यातून कळलं.

धाटावमध्ये प्रश्न उलटा आहे

पाईपमध्ये खळबळ कमी हवी. रासायनिक रिॲक्टरमध्ये ती जास्त हवी. अनेक रासायनिक क्रियांतून उष्णता बाहेर पडते. टाकीभोवती थंड पाण्याचं आवरण असतं, आणि उष्णता टाकीच्या भिंतीतूनच बाहेर जाते. भिंतीजवळचं रसायन संथ पडून राहिलं तर तो थर गोधडीसारखा काम करतो आणि उष्णता आतच कोंडते. तापमान वाढलं की क्रिया आणखी जोरात होते, अजून उष्णता, अजून वेग. हे हाताबाहेर गेलं तर स्फोटापर्यंत जातं. रासायनिक पट्ट्यात राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून भिंतीजवळचा थर वारंवार उचलला जाणं आणि त्या जागी आतलं ताजं द्रव येणं, हे रिॲक्टरमध्ये हवंहवंसं असतं. १९६७ मध्ये बुडबुड्यांत दिसलेली ती उचल-झेप इथे उपयोगाची ठरते. या विषयात जगभरात मानलं जाणारं काम मुंबईत झालंय. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, प्रा. ज्येष्ठराज जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षं रिॲक्टरमधल्या भोवऱ्यांचा आणि भिंतीतून होणाऱ्या उष्णतेच्या देवाणघेवाणीचा माग काढला. जोशींना २०१४ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांचं सूत्र थोडक्यात असं सांगता येईल की रिॲक्टरची रचना अंदाजपंचे न करता आतल्या भोवऱ्यांच्या आकारावरून आणि आयुष्यावरून करावी.

रिॲक्टरच्या भिंतीवरचा दाब आजही वापरला जातो, आणि तो वापर चोई-मोईन यांच्या छिद्रांपेक्षा खूप साधा आहे. खालून वायू सोडून द्रव ढवळणाऱ्या उंच टाक्या असतात. वायू कमी असताना बुडबुडे गुमान रांगेत वर जातात. वायू वाढवला की मोठे बुडबुडे तयार होतात आणि सगळं घुसळायला लागतं. जाड पोलादी टाकीत हे दिसत नाही. पण भिंतीवरच्या दाबाची थरथर दोन्ही वेळा वेगळी असते. तिचा चढउतार आणि ताल बघून आत कुठली अवस्था आहे ते कळतं, आणि मग वायूचा व्हॉल्व्ह कमी-जास्त करता येतो.

खडकवासला आणि भिरा

पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या काळात सुरू झालेलं. इथे धरणांच्या सांडव्यांची छोटी मॉडेल्स बांधतात आणि सांडव्याच्या पृष्ठभागावर जागोजागी छिद्रं ठेवून दाब मोजतात. कारण सांडव्यावरून पाणी सेकंदाला तीसेक मीटर वेगानं घसरू लागलं की कुठेतरी दाब इतका पडतो की थंड पाण्यातच वाफेचे बुडबुडे तयार होतात. पुढे दाब वाढला की ते फुटतात, आणि प्रत्येक स्फोट हातोड्याच्या बारीक ठोक्यासारखा काँक्रीटवर बसतो. अमेरिकेत १९८३ च्या पुरात ग्लेन कॅन्यन धरणाच्या सांडवा-बोगद्यांत या ठोक्यांनी काँक्रीट आणि त्याखालचा खडक फोडून मोठाले खड्डे पाडले होते.

यावरचा उपाय आश्चर्यकारक वाटेल इतका साधा आहे. जिथे दाब धोकादायक पडतो असं मोजमापावरून दिसतं, त्याच्या अलीकडे पृष्ठभागात एक खाच ठेवायची आणि तिच्यातून हवा आत ओढली जाऊ द्यायची. पाण्यात थोडी हवा मिसळली की ठोक्यांचा जोर मरतो. ग्लेन कॅन्यनमध्येही दुरुस्तीत हेच केलं गेलं. म्हणजे भिंतीवरचा दाब मोजा, आत काय चाललंय ते ओळखा, मग भिंतीतूनच उपाय करा. उपाय कायमचा, काँक्रीटमध्ये ओतलेला, क्षणाक्षणाला बदलणारा नाही, एवढाच फरक. छोट्या मॉडेलची एक मर्यादा मात्र राहतेच. मॉडेल लहान करता येतं, वातावरणाचा दाब लहान करता येत नाही, त्यामुळे वाफेचे बुडबुडे मॉडेलमध्ये जसेच्या तसे दिसत नाहीत. अभियंत्यांना मोजलेल्या दाबावरून ते ताडावं लागतं.

भिऱ्याकडे वळू. इथलं वीजकेंद्र १९२७ पासूनचं. मुळशीचं धरण होताना सेनापती बापटांनी उभारलेला सत्याग्रह बहुतेकांना माहीत असतो. पुढे इथेच १५० मेगावॉटचं उदंचन केंद्रही आलं. अशा केंद्रात गरज असेल तेव्हा पाणी खाली सोडून वीज करायची आणि विजेची मागणी कमी असताना तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवायचं. अशा उलटसुलट चालणाऱ्या टर्बाइन साधारणतः फ्रान्सिस प्रकारच्या असतात, आणि त्यांना जगभर एक खोड असते. अर्ध्यामुर्ध्या भारावर चालवलं की टर्बाइनखालच्या नळकांड्यात पाण्याचा एक जाडजूड पीळ तयार होतो. दोरखंडासारखा वळवळत फिरणारा. तो चाकाच्या एका फेरीत साधारण पाव ते तिसरा हिस्सा फिरतो आणि प्रत्येक फेरीत भिंतीला धक्का देतो. यंत्र थरथरतं, कधी विजेचा प्रवाहही डुगडुगतो. पीळ दिसत नाही, पण भिंतीवर बसवलेल्या दाबमापकांना त्याचा ठेका लगेच कळतो. ठेका मिळाला की चालक भार बदलतो किंवा आत थोडी हवा सोडतो, आणि पीळ सैल पडतो. इथे भोवरा कित्येक फुटांचा आणि सेकंदाला एखाद-दोन फेऱ्यांचा असतो, म्हणून माणसालाही आवरता येतो.

मग साध्या पाईपमध्ये हे का होत नाही?

कारण तिथले भोवरे दीड मिलिमीटरचे आहेत आणि मिलिसेकंदांत जागा बदलतात. दाबमापकाचा पडदा भोवऱ्यापेक्षा मोठा असेल तर त्यावर एकाच वेळी चढ आणि उतार दोन्ही पडतात आणि बेरीज शून्य येते. आपल्या एक मीटरच्या पाईपसाठी मापक पाव मिलिमीटरचा लागेल. असे लाखो मापक आणि तेवढीच फुंकणारी छिद्रं पाईपच्या प्रत्येक वितीवर लागतील. दहा किलोमीटरचा हिशेब न केलेलाच बरा. कुंडलिकेच्या गाळानं ती छिद्रं पहिल्याच पावसाळ्यात बुजतील हे वेगळं. आणि फुंकायलाही वीज लागते. वाचलेल्या विजेपेक्षा ती जास्त झाली तर सगळा खटाटोप फुकट.

म्हणून बाजारात आज जे उपाय आहेत ते बिनडोक्याचे आहेत, म्हणजे काहीही न मोजणारे. शार्कच्या कातडीसारख्या बारीक खाचांचा पापुद्रा विमानाला चिकटवतात. लुफ्तान्साच्या तांत्रिक शाखेनं आणि बीएएसएफनं केलेला असा पापुद्रा स्विस कंपनीच्या बोईंग ७७७ विमानांवर लागलाय, त्यानं इंधनाची बचत सुमारे एक टक्का होते. तेलाच्या पाईपलाइनमध्ये लांब साखळीची पॉलिमरं चिमूटभर मिसळली तर घर्षण त्याहून कितीतरी जास्त उतरतं. अलास्काच्या पाईपलाइनमध्ये १९७९ पासून हे होतंय. पिण्याच्या पाण्यात मात्र अशी पॉलिमरं कोण मिसळू देईल?

सध्या संशोधनाचा रोख लहान भोवऱ्यांवरून मोठ्यांकडे सरकतोय. वेग आणि आकार वाढला की भिंतीपासून दूरचे, लांबलचक भोवरेही घर्षणात वाटा उचलतात. ते मोठे असल्यानं मापक विरळ लावले तरी चालतात, आणि मोठ्यांचीच खबर दाब लांबून आणतो. वाऱ्याच्या बोगद्यांत असे प्रयोग सुरू आहेत. हाती लागणारी बचत अजून फार नाही.

तोपर्यंत एक फारच घरगुती अडचण सोडवावी लागतेय, ती म्हणजे पंपाचा आवाज. त्या एक मीटरच्या पाईपमध्ये खळबळीनं होणारा दाबाचा चढउतार साधारण २० पास्कल, म्हणजे दोन मिलिमीटर पाण्याच्या वजनाएवढा. पाईपमधला एकूण दाब पाच बार धरला तर तो याच्या २५ हजार पट. त्यात पंपाची घरघर आणि व्हॉल्व्हचे धक्के वेगळे, आणि तेही दाबमापकाला ऐकू येतातच. यावर एक युक्ती वापरतात. एक मापक पाईपच्या वरच्या बाजूला आणि दुसरा बरोबर त्याच्या समोर, खालच्या बाजूला लावायचा. पंपाची खालच्या सुराची घरघर पाईपच्या सगळ्या घेरावर एकाच वेळी सारखी पोचते. भोवऱ्याचा धक्का एकाच मापकावर बसतो. दोन्ही नोंदींची वजाबाकी केली की घरघर जाते आणि भोवरा मागे उरतो, हेडफोन बाहेरचा गोंगाट गिळतो साधारण तसाच. फक्त दोन्ही मापकांची संवेदनशीलता तंतोतंत सारखी असावी लागते, आणि महिनाभर पाण्यात राहिल्यावर ती तशी राहत नाही.